उघड्या तोंडाची झोप



मागे या सदरात मुलांच्या शुद्धलेखनाबद्दल लिहिलं होतं. त्यानंतर एका भगिनीने बाजारात गाठलं आणि म्हणाली, "बाजी, शुद्धलेखन राहू द्या. आमचा पोरगा वर्गात जागाच राहत नाही, त्याचं काहीतरी सांगा." तिला तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही. कारण ते द्यायचं तर आधी आमचीच एक चूक कबूल करावी लागणार होती. आज ती करतो.

आमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा चौथीला आमच्याच वर्गात होता. तिसऱ्या तासाला पेंगायचा. पेंगत नसला तर शेजारच्याला चिमटे काढायचा, पेन्सिलीची टोकं मोडायचा. श्रुतलेखन घेतलं की पाचव्या वाक्याला वही बंद. तोंड कायम उघडं. भाचा म्हणून आम्ही त्याला सवलत तर दिली नाहीच, उलट दुप्पट बोललो. लोकांनी म्हणू नये ना, की खाला आपल्या माणसाला पाठीशी घालते. प्रगतिपुस्तकात वर्षभर एकच शेरा लिहिला, "लक्ष देत नाही. आळशी आहे." लिहिताना हात अडखळला नाही.

खरं तर मकतबच्या हाफिजसाहेबांना आमच्या आधी कळलं होतं. ते एकदा म्हणाले, "बाजी, पोरगा हुशार आहे, पण गुन्ना निघत नाही. नूनचा दाल होतो, मीमचा बे होतो. आणि आयत मध्येच तोडतो, दम पुरत नाही त्याला. नाक चोंदलेलं दिसतं." गुन्ना म्हणजे नून आणि मीमचा आवाज नाकात घोळवणं. नाकातून हवाच जात नसेल तर तो येणार कुठून? पण आम्हाला वाटलं, हा तजवीदचा प्रश्न आहे, ते आणि पोरगा बघून घेतील.

मग मे महिन्याच्या सुट्टीत तो आठ दिवस आमच्याकडे राहायला आला. पहिल्याच रात्री पलीकडच्या खोलीतून घोरणं ऐकू आलं. नऊ वर्षांच्या मुलाचं! आम्ही उठून पाहिलं. मान मागे टाकलेली, तोंड आ वासलेलं, पंखा जोरात असूनही बनियन घामाने चिंब. घोरणं एकाएकी थांबलं. छाती हलत होती, पण आवाज नाही, श्वास नाही. आम्ही मनात आकडे मोजायला लागलो. अकराला पोहोचलो तेव्हा त्याने मोठा हिसका दिला, घशातून आवाज काढत कूस बदलली आणि पुन्हा घोरायला लागला. थोड्या वेळाने पुन्हा तेच. त्या रात्री आम्हालाही झोप आली नाही. फजरला उठवलं तर ओठ कोरडे, डोकं दुखतंय म्हणाला. वुजूला बसला तेव्हा लक्षात आलं, नाकात पाणी घ्यायच्या वेळी तो फक्त ओलं बोट नाकाच्या शेंड्याला लावत होता. "पाणी आत जातच नाही, खाला. जीव घाबरतो."

बहिणीला फोन केला. ती हसली. "आपा, तो बापावर गेलाय. घोरतो म्हणजे गाढ झोपतो." त्याच्या दादीचंही तेच म्हणणं, लहानपणापासून असाच आहे.

घोरणं म्हणजे गाढ झोप, ही समजूत आपल्या घराघरांत आहे. सर्दीत चार दिवस कुठलंही मूल घोरेल. पण आठवड्यातल्या बहुतेक रात्री घोरत असेल, मध्ये श्वास थांबत असेल, मोठं झाल्यावर पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलं असेल, तर ती झोप गाढ नाही. श्वास अडला की मेंदू त्याला किंचित जागं करतो, श्वास सुरू होतो, पुन्हा अडतो. रात्रभर हे चालतं आणि सकाळी मुलाला काही आठवत नाही. मोठा माणूस अशा झोपेने दिवसा डुलक्या घेतो. मूल बऱ्याचदा उलटं वागतं. चिडतं, एका जागी बसत नाही, हातातलं काम अर्धं सोडतं. आम्हा शिक्षकांना ते वात्रट वाटतं.

ही काही नवी माहिती नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले डॉक्टर क्रिस्टियन गियेमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 सालीच अशा 8 मुलांची हकिकत छापली होती. शाळेत मागे पडणं, विचित्र वागणं, अंथरूण ओलं होणं, सकाळी डोकं दुखणं, सगळं त्यात आहे. आमचं बीएड त्यानंतर कितीतरी वर्षांनी झालं. बालमानसशास्त्राचा अख्खा पेपर होता, पण मूल रात्री श्वास कसं घेतं हे कुणी विचारायला शिकवलं नाही.

भाच्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. जाताना मोबाइलवर त्याच्या झोपेचं दोन मिनिटांचं चित्रण केलं होतं, ते फार उपयोगी पडलं. झोपेची रात्रभराची तपासणी असते, तीत श्वास किती वेळा अडला ते मोजतात. तासाला पाचपेक्षा कमी वेळा अडला तर मोठ्या माणसात चालवून घेतात, मुलात एकापेक्षा जास्त झाला तरी दखल घेतात. ही सोय सगळ्या गावांत नाही. चित्रण मात्र कुठल्याही आईला करता येतं.

निघालं ते नेहमीचंच. नाकाच्या मागे, घशाच्या वर अ‍ॅडेनॉइड्स नावाच्या गाठी असतात, त्या वाढलेल्या, टॉन्सिलही मोठे. लहान मुलांचा श्वास झोपेत अडण्याचं सर्वांत मोठं कारण हेच असतं. काही दिवस नाकात मारायचा स्प्रे दिला, पुरेसा फरक पडला नाही, मग ऑपरेशन झालं. घोरणं अर्ध्यावर आलं. श्वास थांबणं जवळजवळ गेलं. पण तोंड मिटेना, आणि रात्री सूं सूं चालूच. तेव्हा डॉक्टरांनी त्याला आ करायला लावून बॅटरीचा उजेड टाकला आणि बहिणीला म्हणाले, "टाळू बघा किती उंच आणि अरुंद आहे. दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांना दाखवा."

आम्हीही वाकून पाहिलं. वरचा जबडा इंग्रजी यू अक्षरासारखा गोल असायला हवा, याचा व्ही झालेला. टाळू म्हणजे मशिदीच्या मेहराबीची टोकदार कमान. वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसत होत्या.

दातांचा आणि नाकाचा काय संबंध, असं आम्हालाही वाटलं होतं. संबंध सरळ आहे. तोंडाचं जे छत, तीच नाकाची जमीन. छत अरुंद असलं की वरची खोलीही अरुंद. आणि जीभही अडचणीत येते, तिला वर जागा नसते, म्हणून ती खाली आणि मागे घशाकडे सरकते. यात आणखी एक चक्र आहे. तोंड मिटलेलं असतं तेव्हा जीभ टाळूला टेकून राहते, आणि वाढत्या वयात तीच वरच्या जबड्याला आतून आकार देते. नाक बंद म्हणून तोंड उघडं, तोंड उघडं म्हणून जीभ खाली, जीभ खाली म्हणून गालांचा दाब जबड्याला आत ढकलतो, आणि जबडा अरुंद म्हणून नाक आणखी बंद. वर्षानुवर्षे अंगठा चोखण्यानेही जबडा असाच अरुंद होऊ शकतो.

आता गंमत बघा. टाळू हे एक अखंड हाड नाही. उजवं आणि डावं अशी दोन हाडं मध्यरेषेवर जोडलेली असतात आणि लहानपणी तो सांधा कच्चा असतो. वरच्या दाढांना पक्कं बसवलेलं एक यंत्र, त्याच्या मध्यभागी एक स्क्रू. स्क्रू फिरवला की यंत्र दोन्ही बाजूंना ढकलतं, सांधा हळूहळू उघडतो आणि मधल्या जागेत नवं हाड भरतं. हा उपाय आजकालचा नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे इमर्सन एंजेल यांनी 1860 साली एका चौदा वर्षांच्या मुलीवर तो केला होता. सहव्यावसायिकांचा विश्वास बसला नाही, उपाय मागे पडला. 1961 मध्ये अँड्र्यू हास यांनी तो पुन्हा उजेडात आणला. शंभर वर्षं!

भाच्याच्या यंत्राची चावी बहिणीकडे आली. एक बारीक तार, तिला दोरा बांधलेला, तो दोरा बोटाला गुंडाळायचा, म्हणजे चावी निसटून घशात जात नाही. रोज इशानंतर त्याला मांडीवर आडवं करायचं, स्क्रूच्या भोकात चावी घालायची आणि पुढून मागे ढकलायची, पुढचं भोक दिसेपर्यंत. एका वेळेला पाव मिलिमीटर. त्याला 28 दिवस सांगितले होते, म्हणजे 7 मिलिमीटर. तेवढं सगळं नाकाच्या वाट्याला येत नाही, तिथे त्याहून कमीच रुंदी मिळते. पण अरुंद नळीत थोडी रुंदीही फार असते.

पहिल्या रात्री बहिणीचे हात थरथरत होते. चावी फिरली की नाकाच्या मुळाशी आणि पुढच्या दातांत दाब यायचा, थोड्या वेळाने ओसरायचा. पहिले काही दिवस तोंडात लाळ जमायची, बोलणं बोबडं झालं, लाम आणि रे नीट निघेनात. हाफिजसाहेबांनी त्याला तेवढे दिवस मोठ्याने सबक देण्यातून मोकळं केलं, फक्त ऐकायला बसवलं. टाळूला घास चिकटायचा. खजूर, चिक्की, चिकट हलवा सगळं बंद, आणि प्रत्येक जेवणानंतर ब्रश.

दुसऱ्या आठवड्यात पुढच्या दोन दातांच्या मध्ये चांगली फट पडली. दादी हादरल्या. "पोराचे दात फाडले!" म्हणून त्यांनी चावीच लपवून ठेवली. ही फट पडणं म्हणजे सांधा उघडल्याची खूण, ती पुढे बरीचशी आपोआप मिटते. डॉक्टरांनी आधी सांगितलंही होतं, पण ते बहिणीला सांगितलं होतं, दादींना नव्हे. आमचा सल्ला, घरातल्या वडीलधाऱ्यांना पहिल्या भेटीलाच सोबत न्या. दोन रात्री वाया गेल्या आमच्या.

चावीचे दिवस संपले तरी यंत्र काढत नाहीत. नवं हाड पक्कं व्हायला सहा महिन्यांच्या आसपास ते तसंच ठेवतात. लोक इथेच कंटाळतात. घाई केली तर जबडा पुन्हा आत येतो.

आता सावधगिरीचं. हे वाचून कुणी पोराला घोरतो म्हणून थेट यंत्र बसवायला नेऊ नये. 2004 मध्ये इटलीत अशा 31 मुलांचा अभ्यास छापला गेला, गियेमिनोही त्यात होते. श्वास तासाला सरासरी बारा वेळा अडत होता, जबडा रुंद केल्यावर तो एकाच्याही खाली आला. आकडे डोळे दिपवणारे आहेत. पण ती मुलं निवडलेली होती. सगळ्यांचा जबडा अरुंद, टॉन्सिल-अ‍ॅडेनॉइड्स वाढलेले नाहीत, लठ्ठ कुणी नाही. आपल्याकडे येणारी बहुतेक मुलं तशी नसतात. अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टांच्या संघटनेने 2019 मध्ये स्पष्टच म्हटलं की, जबडा मुळात अरुंद नसेल तर केवळ झोपेतला श्वास सुधारावा म्हणून तो रुंद करू नये. म्हणून आधी कान-नाक-घसा, मग दात. पहिल्याच भेटीत "यंत्राने घोरणं शंभर टक्के जाणार" असं कुणी म्हणालं, तर दुसरीकडे दाखवून घ्या.

वयही महत्त्वाचं. तो सांधा पंधरा-सोळाच्या पुढे घट्ट होत जातो, कुणाचा लवकर, कुणाचा उशिरा. त्यानंतर हाडात स्क्रू बसवून किंवा शस्त्रक्रिया करून जबडा रुंद करतात, ते काम वेगळं आणि अवघड. तेव्हा घरातल्या घोरणाऱ्या अब्बांनी हा लेख वाचून पोराच्या डॉक्टरांकडे जाऊ नये. त्यांनी आधी वजन बघावं आणि आपल्या झोपेची तपासणी करून घ्यावी.

खर्चाचं म्हणाल तर खासगीत दवाखान्यागणिक फरक आहे. सगळ्या भेटींसह एकूण किती, हे आधीच कागदावर लिहून घ्या. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या सरकारी दंत महाविद्यालयांत ऑर्थोडॉन्टिक्सचे विभाग आहेत. तिथे हेच काम कमी खर्चात होतं, फेऱ्या मात्र जास्त पडतात.

भाचा आता पाचवीत आहे. यंत्र निघालं. अभ्यासात पहिला वगैरे आलेला नाही, चिमटे अजून काढतो. तोंड बहुतेक वेळ मिटलेलं असतं, आणि रात्री खोलीत पंख्याचाच आवाज येतो. वुजूत नाकात पाणी घेऊन मुद्दाम मोठ्याने शिंकरतो, आम्हाला ऐकू यावं म्हणून. परवा हाफिजसाहेबांनी त्याच्याकडून सबक म्हणवून घेतला आणि गुन्न्याच्या जागी बोट वर करून थांबले. आवाज नाकातून आला. त्यांनी नुसती मान हलवली आणि पुढची आयत सांगितली.

त्याचं चौथीचं प्रगतिपुस्तक आम्ही बहिणीकडून मागून घेतलं. शेरा खोडता येत नाही, शाईने लिहिलेला आहे. खाली त्याला कळेल अशा शब्दांत दोन ओळींची माफी लिहिली आणि तारीख घालून सही केली.

यंदा आमच्या वर्गात खिडकीजवळ एक मुलगी बसते. तिसऱ्या तासाला डोकं बाकावर टेकवते, तोंड उघडं असतं. सोमवारी तिच्या अम्मीला बोलावलं आहे. येताना झोपेचं चित्रण घेऊन या, एवढंच सांगितलं आहे.