कोणता स्वीटनर शोधायचा, ते नाव घेऊन सांगा

शुगरफ्री पेढा पाण्यात कुस्करायचा, त्या पाण्याचा थेंब ग्लुकोमीटरच्या पट्टीवर सोडायचा आणि आकडा कमी आला की घरातल्या मधुमेही माणसाला पेढा बिनधास्त द्यायचा, असं काही जण करतात. कृपा करून हे करू नका. ती पट्टी फक्त ग्लुकोज ओळखते. आपली चहातली साखर म्हणजे सुक्रोज, आणि ते पट्टीला कळत नाही. पेढा साखरेने ठासून भरलेला असला, तरी आकडा कमीच येऊ शकतो.

जिभेवरही भिस्त ठेवू नका. सॅकरिन साखरेच्या 300 ते 500 पट गोड असतं आणि मागे कडवट चव ठेवतं, हे खरं. पण ती कडवट चव झाकायला त्यात सायक्लामेट मिसळतात, ही युक्ती फार जुनी आहे. सायक्लामेटवर अमेरिकेने 1969 मध्ये बंदी घातली. आपल्याकडेही परवानगी असलेल्या स्वीटनरच्या यादीत ते नाही. म्हणून गारीगार किंवा गोळ्यावरचा पाक चाखून ‘यात काही नाही’ असं कुणी सांगितलं, तर त्या सांगण्याला अर्थ नाही.

खरं उत्तर प्रयोगशाळेत मिळतं. मात्र तिथेही जे विचाराल तेवढ्याचंच मिळतं, आणि माझा सगळा आग्रह याच मुद्द्यासाठी आहे.

तिथे काय करतात ते पाहा. नमुना वजन करून पाण्यात विरघळवतात. दुधाचा पदार्थ असेल तर दोन क्षारांची द्रावणं घालून प्रथिनं आणि स्निग्धांश खाली बसवतात, कारण हा गाळ यंत्रात गेला तर नळी तुंबते. वरचं स्वच्छ पाणी बारीक छिद्रांच्या फिल्टरमधून गाळून एचपीएलसी यंत्रात सोडतात. आत बारीक कणांनी भरलेली एक नळी असते, तिला कॉलम म्हणतात. तिच्यातून प्रत्येक पदार्थ आपापल्या वेळेला बाहेर पडतो: साधारणपणे आधी असेसल्फेम-के, मग सॅकरिन, बऱ्याच नंतर अस्पार्टेम. बाहेर पडणाऱ्या द्रवावर अतिनील प्रकाश टाकलेला असतो. पदार्थाने तो जितका शोषला, तितका आलेखावरचा सुळका मोठा. माहीत असलेल्या प्रमाणाच्या द्रावणाशी सुळका ताडून किलोमागे किती मिलिग्रॅम, ते काढतात.

आता अडचण कुठे येते? सुक्रालोज हा प्रकाश जवळजवळ शोषतच नाही. त्यामुळे या पद्धतीत त्याचा पत्ता लागत नाही. त्याला वेगळा डिटेक्टर किंवा मास स्पेक्ट्रोमीटर लागतो. सायक्लामेटचंही तेच. त्यावर आधी रासायनिक क्रिया करून ते प्रकाशात दिसेल अशा रूपात आणावं लागतं. शिवाय बेंझोएटसारखं टिकाऊपणासाठी घातलेलं द्रव्य कधी कधी सॅकरिनच्या अगदी जवळ बाहेर पडतं. म्हणून नुसत्या वेळेवर न थांबता ओळख पक्की केली का, हे बेधडक विचारा. अस्पार्टेम उष्णतेने मोडतं. ते घालून आटवलेल्या बासुंदीत प्रमाण कमी आलं, तर ‘कमीच घातलं होतं’ असा निष्कर्ष काढू नका.

म्हणून अर्जात नुसतं ‘स्वीटनर तपासा’ असं लिहू नका. सॅकरिन, असेसल्फेम-के, अस्पार्टेम, सुक्रालोज, सायक्लामेट अशी नावं लिहा. मधुमेहासाठी तपासत असाल, तर सुक्रोज आणि ग्लुकोजही लिहा. अहवालात ‘आढळले नाही’ दिसलं, तर ती पद्धत कमीत कमी किती प्रमाण ओळखू शकते, तो आकडा मागा. पदार्थ कोणता, हेही नेमकं सांगा, कारण मर्यादा पदार्थागणिक बदलते. अन्न सुरक्षा व मानके कायद्याखालच्या 2011 च्या नियमावलीत सॅकरिनची मर्यादा कार्बोनेटेड पाण्यात 100 पीपीएम (म्हणजे किलोमागे मिलिग्रॅम) होती, सुपारीत 4000 आणि पान मसाल्यात 8000. नुसता आकडा पाहून घाबरायचं नाही, आणि निर्धास्तही व्हायचं नाही.

पाकीटबंद वस्तू न फोडता, बिलासकट द्या. बर्फाचा पदार्थ वितळू न देता न्या. सुटी वस्तू स्वच्छ, कोरड्या काचेच्या बरणीत द्या. आणि त्याआधी पाकीट वाचा. स्वीटनरचं नाव आणि ‘लहान मुलांसाठी शिफारस नाही’ ही सूचना तिथे शोधा. अस्पार्टेम असेल, तर फिनाइलकीटोन्यूरिया असलेल्यांसाठीचा इशाराही हवा. या जन्मजात आजाराच्या मुलांच्या शरीरात फिनाइलअॅलॅनिन साचतं, आणि अस्पार्टेम पचताना नेमकं तेच सुटतं. अशा घरात ती बारीक अक्षरातली ओळ कुणीही वगळू नये.

अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006, कलम 40 प्रमाणे साध्या ग्राहकालाही शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते. एक अट मात्र विसरू नका: ‘मी हे तपासायला देणार आहे’ असं विक्रेत्याला खरेदीच्या वेळीच सांगावं लागतं. वस्तू नियमाबाहेरची निघाली, तर भरलेलं शुल्क परत मिळतं आणि विश्लेषक अहवाल पुढच्या कारवाईसाठी पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे पाठवतो. खासगी प्रयोगशाळेत तपासलं असेल, तर तो अहवाल जोडून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. त्यात दुकानाचा पत्ता, खरेदीची तारीख आणि बॅच क्रमांक लिहा, म्हणजे अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला त्याच मालाचा नमुना घेता येईल.