ओल्या हाताची जखम

एकदा सकाळी दिवाळ्याच्या जेट्टीवर जा. म्हावरं घ्यायच्या आधी कोळणीचे हात बघा. कोयत्याचे कापे, शिंगाळ्याच्या काट्याची जुनी खूण, एखाद्या बोटाला चिंधी. चिंधीखाली बहुतेक हळद.

हळदीला हसू नका. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत 1995 मध्ये दिलं गेलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने लढून 1997 मध्ये ते रद्द करायला लावलं. हा किस्सा आपण दर विज्ञान दिनाला ऐकतो, टाळ्या वाजवतो. पण त्या बोटासाठी पुढे काय केलं?

'जखम कोरडी ठेव, खपली धरू दे' हे तुमच्याही आईने सांगितलं असेल. 1962 मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं, की ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी जवळपास दुप्पट वेगाने येते. कोळणीचा हात तर दिवसभर ओलाच की, असं म्हणाल. पण तो ओलावा खारट, बर्फाचा, जंतूंचा. हायड्रोजेल म्हणजे स्वच्छ ओलावा धरून ठेवणारी जाळी. खाडीपलीकडे ट्रॉम्बेत बीएआरसीने भाजलेल्या जखमांसाठी पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचं असं जेल गॅमा किरण वापरून केलं. पेप्टाइडचं जेल ही त्यापुढची गोष्ट. अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या पाण्यात एकमेकींना धरून तंतू विणतात. कातडीतलं कोलाजेनही त्याच विटांचं, म्हणून पेशींना ही जाळी परकी वाटत नाही. काही साखळ्या जंतूही मारतात.

आणि हे कोलाजेन असतं कुठे? माशाच्या खवल्यात, कातडीत. जेट्टीवर कचरा म्हणून फेकतात, तेच!

म्हणून बायोटेक नि फार्मसीवाल्यांनो, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट नेटवरून उचलण्याआधी दिवाळ्याला चक्कर मारा. जेल मिठाच्या पाण्यात किती तास टिकतं? बर्फात? कितीला पडेल? हे तर कॉलेजच्या लॅबमध्ये, बीकरमध्येही तपासता येतं. माणसावर मात्र काही लावायला जाऊ नका, ते काम डॉक्टरांचं.

आणि तोवर कुणाला शिंगाळ्याचा काटा लागलेला दिसला, तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवायला सांगा. मग धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी दवाखान्यात घेऊन जा. 'काय होत नाय गो' म्हणाली, तरी.