एकच प्रत

गेल्या महिन्यात माझा जुना लॅपटॉप आजारी पडला. चालू केला की आतून टिक्-टिक् आवाज, मग निळा पडदा, मग पुन्हा पहिल्यापासून. विद्यार्थ्याला उत्तर आलं नाही तर तोच प्रश्न पुन्हा विचारायचा, ही मास्तरकीची सवय! मी तो सात-आठ वेळा बंद करून चालू केला. शेवटी भाच्याला फोन लावला. तो ओरडलाच, "मामा, आधी बंद करा तो. आता हात लावू नका!"

त्यात हिच्या आवाजातली ४१ रेकॉर्डिंग होती. ओट्याशी उभी राहून ही एकेक पदार्थ सांगायची आणि मी मोबाईलवर टिपून घ्यायचो. २०१९ साली ही गेली. लेकीने ती चारदा तरी मागितली होती. "पाठवतो गं, जरा नीट लावून ठेवतो," हे माझं ठरलेलं उत्तर.

रविवारी भाचा आला. त्याने समजावलेलं आपल्या वयाच्या मंडळींसाठी सांगतो. लॅपटॉपच्या हार्ड डिस्कमधल्या चकत्या मिनिटाला साधारण ५४०० वेळा फिरतात आणि वाचणारं टोक त्यांच्यावर केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर तरंगतं. ते बिघडलं असताना डिस्क पुन्हा पुन्हा चालू करणं म्हणजे मोडक्या पायाच्या माणसाला पळवणं. अशा वेळी विंडोजची 'चेकडिस्क'ही चालवू नये. दुरुस्तीच्या नादात ती त्याच डिस्कवर लिहिते. शेजाऱ्यांनी डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायला सांगितलं होतं. आत दव धरलं तर उरलंसुरलंही जायचं! खरं तर टिक्-टिक् थांबत नसेल तर घरी काहीच करू नये, धूळमुक्त खोलीत डिस्क उघडणाऱ्या तज्ज्ञांकडे द्यावी. आमची अधूनमधून वाचली जात होती, म्हणून त्याने धाडस केलं.

डिस्क काढून त्याने आपल्या संगणकाला जोडली आणि 'डीडीरेस्क्यू' नावाचा मोफत प्रोग्रॅम लावला. जे सहज वाचता येतं ते तो आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवतो, अडलेल्या जागांची नोंद ठेवून पुढे जातो आणि शेवटी त्यांच्याकडे परत येतो. पेपर असाच सोडवा, हे मी वर्गात जन्मभर सांगत आलो!

दोन रात्रींनी ३८ रेकॉर्डिंग हाती आली. तीन गेली. त्यात अनारशांचं होतं.

भेटेल तो म्हणतो, यंत्राचं काही खरं नाही. मला हे पटत नाही. दोष माझा. एका जागी नीट ठेवलं म्हणजे जपलं, असं मी समजत होतो. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, तेव्हा नदीकाठच्या आमच्या घरातली सारी कागदपत्रं गेली. वडिलांच्या तरुणपणीचा एकुलता एक फोटोही गेला. आईबाबांच्या लग्नाचा फोटो मात्र आजही आहे, कारण त्याची एक प्रत मावशीने सांगलीला नेली होती. दहाव्या-अकराव्या वर्षी पाहिलेलं हे मी सत्तरीत विसरलो.

भाचा म्हणतो, सगळं क्लाऊडवर टाका. टाकावं. पण पासवर्ड एकट्या माझ्या डोक्यात असेल तर तीही एकच प्रत. घरातल्या दुसऱ्या कुणाला तो ठाऊक हवा. आणि महत्त्वाचं जे असेल ते दोन-तीन घरांत वाटलेलं हवं. ‘नीट लावून’ नंतर होतं, प्रत आज काढावी.

अनारसे लेकीला येतात, कृतीची अडचण नाही. पण त्या रेकॉर्डिंगमध्ये मध्येच हसून, "अहो, हे नका घेऊ," म्हणणारी ही आता कुणाकडेच नाही.

असो. नातेवाईक मंडळींपैकी कुणाला ती ३८ हवी असतील तर कळवा. या वेळी लगेच पाठवतो.