आधी बाजार, मग किल्ला

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेली मराठी जोडपी किंवा मुलाकडे-मुलीकडे दोन महिने राहायला गेलेले आईवडील एखाद्या शनिवारी जुने इंग्रजी गाव बघायला निघतात, तेव्हा बेत साधारण ठरलेला असतो. आधी किल्ला, मग चर्च, मग चहा; आणि परतताना चौकात बाजार भरलेला दिसलाच तर त्यातून एक चक्कर. हा क्रम उलटा करावा असे मला मनापासून वाटते. ही गावे वाढली ती बाजारामुळे. तिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांचा दिवस बाजाराच्या वेळांवर बेतलेला असे. पुढे राजे गेले, सरदार गेले, कचेऱ्या हलल्या, धंदे बुडाले, तरी अनेक ठिकाणी बाजार भरत राहिला. दोघांनी एक दिवस मोकळा काढून जायचे, तर गाव ज्याच्यावर जगले तिथूनच दिवसाची सुरुवात व्हायला हवी.

वेल्सच्या सीमेलगत श्रॉपशर परगण्यातले लडलो घेऊ. टीम नदीच्या वळणाशी टेकडीवर वसलेले, दहा-अकरा हजार वस्तीचे गाव.

तेराव्या शतकातल्या ब्रॅक्टन या कायदेपंडिताच्या नावावर असलेल्या ग्रंथात बाजाराच्या अंतराचा एक हिशेब दिला आहे. माणूस दिवसाला पायी वीस मैल चालतो असे धरायचे आणि त्या दिवसाचे तीन भाग करायचे. एक भाग बाजाराला जाण्यात, एक खरेदी-विक्रीत आणि एक उजेड असेपर्यंत घरी परतण्यात. म्हणून जुन्या बाजारापासून सुमारे पावणेसात मैलांच्या आत नवा बाजार उभा राहिला, तर शेजाऱ्याच्या हक्काला बाधा येते. हा दंडक सगळीकडे पाळला गेला असे नाही. शेजारच्या गावाने आपले गिऱ्हाईक ओढले म्हणून खटले चालत. पण इंग्लंडच्या नकाशावर ही गावे आजही ज्या अंतराअंतराने दिसतात, त्यामागे टोपली घेऊन चालणाऱ्या माणसाची चाल आहे. आगगाडीने जाणाऱ्यालाही हेच तीन भाग पुरतात. सकाळ जाण्यात, भरदुपारपर्यंतचा वेळ चौकात आणि बोळांत, आणि उजेडात परतीची वाट.

बाजार भरवायचा हक्क राजाच्या सनदेने मिळे. आपल्याकडे नवी पेठ वसवताना शेटे-महाजनांना कौल देत, काही वर्षे जकात माफ करत. तिकडचा व्यवहारही त्याच जातीचा. सत्तेला उत्पन्न हवे असे आणि व्यापाऱ्याला अभय. 1200 ते 1350 या दीडशे वर्षांत इंग्लंडमध्ये अशा हजाराहून अधिक सनदा दिल्या गेल्या, आणि त्यांतले कितीतरी बाजार 1348-49 च्या प्लेगनंतर कायमचे बसले. लडलोचा बसला नाही.

1086 च्या डूम्सडे नोंदवहीत लडलो हे नाव सापडत नाही. लेसी घराण्यातल्या नॉर्मन सरदारांनी अकराव्या शतकाच्या अखेरीस टेकडीच्या टोकावर किल्ला बांधला आणि त्याच्या दारापुढे हळूहळू आखीव गाव उभे राहिले. दरवाजापासून पूर्वेकडे एक लांबरुंद पट्टा मोकळा ठेवला होता आणि सगळा बाजार त्यावर भरे. मग जे कुठल्याही बाजारात होते तेच झाले. संध्याकाळी उचलायची पाले जागेवरच राहू लागली, पालांची लाकडी दुकाने झाली, दुकानांवर माळे चढले आणि माळ्यांवर संसार थाटले गेले. आज हार्प लेन, मार्केट स्ट्रीट, चर्च स्ट्रीट या बोळांतून चालताना आपण पालांच्या दोन रांगांमधल्या जुन्या वाटेनेच जात असतो. तिथून बाहेर पडून ब्रॉड स्ट्रीटची ऐसपैस उतरण बघितली की फरक तत्काळ ध्यानात येतो. ती रस्ता म्हणून आखलेली आहे, बोळ अतिक्रमणातून उरले आहेत. इंग्लंडमध्ये मला जी थोडी नगररचना कळली ती अशा ठिकाणी चालून कळली, आणि सोबतीला कोणी असले की ती जास्त कळते. एकाला भिंत दिसते, दुसऱ्याला तिच्यावरचा कललेला माळा.

तेव्हा दिवस निवडताना हवामानाआधी वार बघावा. लडलोचा बाजार सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी आणि शनिवारी भरतो. बर्मिंगहॅमकडून येणाऱ्यांनी श्रूझबरीला गाडी बदलावी. तिथून लडलो साधारण अर्ध्या तासावर. हा लोहमार्ग 1852 मध्ये इथवर पोहोचला. स्टेशनातून चौकापर्यंत दहा मिनिटांची चढण आहे. लवकरची गाडी पकडावी, कारण बाजाराची रया सकाळीच असते आणि दुपार कलली की विक्रेते आवराआवर करायला लागतात. कापडी पिशवी न्यावी आणि जेवण तिथेच जमवावे: एखादा चांगला पाव, चीजचा जाड तुकडा, हंगाम असेल तर सफरचंदे. मांसाहार करणाऱ्यांनी या परगण्याचा फिजिट पाय शोधावा; डुकराचे खारवलेले मांस, सफरचंद आणि कांदा पारीत भरून तो भाजतात. लडलोला खाण्यापिण्याचे मोठे नाव आहे. किल्ल्यात भरणारा खाद्यमहोत्सव 1995 पासूनचा, आणि 2000 च्या आसपास एवढ्याशा गावात मिशेलिन तारा मिळवलेली तीन उपाहारगृहे होती. पण एका दिवसासाठी आलेल्या दोघांनी टेबल राखून तीन तास आत बसण्यापेक्षा ते पैसे चौकात खर्च करावेत. ज्याच्याकडून चीज घ्याल त्याच्याशी चार शब्द बोलणे होते, आणि पुढच्या आठवड्यात त्याने पुन्हा पाल टाकावे याला तुमचाही हातभार लागतो.

चौकाच्या पूर्वेला, ब्रॉड स्ट्रीटच्या माथ्यावर, 1740 च्या दशकात बांधलेला बटरक्रॉस आहे. खाली खांबांची मोकळी ओसरी, तिथे आसपासच्या गावांतल्या बायका लोणी विकायला बसत; वर खोल्या आणि त्यावर घड्याळ. त्याच्या मागेच सेंट लॉरेन्सचे चर्च. 135 फूट उंचीचा मनोरा, वर जायला दोनशे पायऱ्या. गुडघे साथ देत असतील तर चढावे, पण मनोरा राहिला तरी चालेल. गायनवृंदाची बाके चुकवू नयेत.

या बाकांची आसने उचलून उभी करता येतात आणि त्यांच्या खालच्या अंगाला एक लहानशी फळी असते. लांबणाऱ्या प्रार्थनेत उभे राहून दमलेल्यांना जरा टेकायला ती केलेली. फळीखाली कोरीवकाम आहे, आणि अशी आसने इथे 28 आहेत. त्यांतल्या एकावर एल विकणारी बाई आहे. एल म्हणजे तिकडची घरगुती बिअर. सैतानाने तिला खांद्यावर उलटे टाकले आहे. डोक्यावरच्या भरजरी शिरोवस्त्राशिवाय तिच्या अंगावर काही नाही आणि हातात तिने अजून आपले खोटे माप धरले आहे. एक सैतान तिच्या पापांची यादी वाचतो आहे, दुसरा बॅगपाइप वाजवतो आहे, आणि कडेला नरकाने जबडा वासला आहे. चोरी, खून, देवनिंदा यांपैकी काहीही तिने केलेले नाही. तिने मापात पाप केले. तेराव्या शतकापासून इंग्लंडमध्ये पाव आणि एल यांची मापे व भाव कायद्याने बांधलेले होते, गावोगावी एल चाखून बघणारे अधिकारी होते, दंड होत. तरीही लडलोकरांनी ही गोष्ट थेट चर्चमध्ये, प्रार्थना म्हणणाऱ्यांच्या आसनाखाली कोरून ठेवली. सात मैल चालत आलेला माणूस एकदा फसला, तर पुढच्या वेळी दुसऱ्या गावाची वाट धरणार, हे त्यांना पुरते ठाऊक होते. मध्ययुगीन व्यापारावरचा याहून स्पष्ट दस्तऐवज मी पाहिलेला नाही, आणि तो बघायला वाकावे लागते.

चर्चचे आणि गावाचे हे वैभव लोकरीचे. लडलोचा लॉरेन्स हा तेराव्या शतकातला इंग्लंडमधल्या सर्वांत श्रीमंत लोकर-व्यापाऱ्यांपैकी एक. जवळच्या स्टोकसे इथे त्याने गढीवजा वाडा बांधला, 1291 मध्ये राजाकडून त्याला तटबंदीची परवानगी मिळवली आणि 1294 मध्ये लोकरीची जहाजे घेऊन जाताना तो समुद्रात बुडाला. गावातल्या पामर्स गिल्ड या धर्मसंस्थेचे सभासद तर देशभर पसरलेले होते. ती 1551 मध्ये बरखास्त झाली, पण तिची घरे-जमिनी गावाच्या नगरसंस्थेकडे आल्या.

आता किल्ला. एवढे बघून मगच आत शिरावे, म्हणजे तो मापात दिसतो. चौथ्या एडवर्डचा मुलगा इथे वाढला. 1483 च्या एप्रिलमध्ये बाप गेल्याची बातमी त्याला इथेच कळली, तो राजा म्हणून लंडनला निघाला आणि टॉवरमध्ये कायमचा दिसेनासा झाला. सातव्या हेन्रीचा थोरला मुलगा आर्थर 2 एप्रिल 1502 रोजी इथे वारला. त्याची तरुण विधवा कॅथरीन पुढे धाकट्या भावाची, आठव्या हेन्रीची राणी झाली, आणि त्या लग्नातून सुटण्याच्या हट्टापायी इंग्लंड पोपपासून तुटले. वेल्स आणि सीमाप्रदेशाचा कारभार दोन शतके एका मंडळामार्फत या किल्ल्यातून चालला. 1689 मध्ये ते मंडळ बरखास्त झाले, दालने ओस पडली, छपराचे शिसे निघाले, पाऊस आत आला. आतल्या चौकातले वाटोळे नॉर्मन चॅपेल मात्र जरूर बघावे. इंग्लंडमध्ये तसली फार थोडी आहेत. पण मुद्दा असा, की इतकी मोठी सत्ता गेली तरी बाहेरच्या चौकातला बाजार भरतच राहिला. 1459 मध्ये, राजगादीसाठीच्या यादवीत, लडफर्ड पुलाजवळच्या पळापळीनंतर लँकेस्टर पक्षाच्या फौजेने गाव लुटले, तरी तो पुन्हा भरला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे शेकडो लोक हातमोजे शिवत. 1826 मध्ये परदेशी मोज्यांवरची बंदी उठली आणि तो धंदा ओसरला. बाजार त्यातूनही तरला.

त्याला खरा धोका झाला तो त्याच्या भल्यासाठी केलेल्या कामाने. 1880 च्या दशकात चौकाच्या ऐन मध्यावर लाल विटांची भली थोरली मंडई बांधली गेली. बाजाराच्या डोक्यावर छप्पर आले आणि चौक गेला. शंभर वर्षे ती तिथे होती; 1986 मध्ये पाडली. जुनी इमारत पाडली म्हटले की आपला पहिला कौल विरोधात पडतो, आणि बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. इथे पाडणे योग्य होते. आज किल्ल्याच्या दारात उभे राहून समोर पालांचे पट्टेदार छत दिसते ते त्या निर्णयामुळे. कुठल्या शतकाचा वारसा राखायचा हे ठरवावेच लागते, आणि लडलोने सर्वांत जुन्या वापराच्या बाजूने कौल दिला.

मराठी वाचकाने या किल्ल्यात आणखी एक नाव वाचावे. 1811 मध्ये तो 1,560 पौंडांना विकत घेणारा अर्ल ऑफ पॉविस म्हणजे एडवर्ड क्लाइव्ह, रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा आणि 1798 ते 1803 मद्रासचा गव्हर्नर. श्रीरंगपट्टण पडले ते त्याच्या कारकिर्दीत. किल्ला आजही त्याच्याच वारसांच्या इस्टेटीकडे आहे. एडवर्डची बायको हर्बर्ट घराण्याची वारस असल्याने जुना मान तिच्याकडून आला आणि पैसा हिंदुस्थानातून. बापाने इंग्लंडमध्ये नाव कमावले ते 1751 च्या अर्काटच्या वेढ्यातून, आणि तिथे मुरारराव घोरपड्यांच्या मराठी स्वारांची कुमक त्याच्या कामी आली. फेब्रुवारी 1756 मध्ये तो ॲडमिरल वॉटसनच्या आरमाराबरोबर विजयदुर्गावर चालून आला. जमिनीवरून पेशव्यांची फौज तुळाजी आंग्र्याला कोंडून होती. आंग्र्यांची गलबते जळाली, किल्ल्यातली लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली, आणि पश्चिम किनाऱ्यावरची मराठ्यांची सागरी ताकद आपल्याच साह्याने मोडली गेली. लडलोचे दगड त्या लुटीतून घेतले असे म्हणता येणार नाही. पण या घराण्याची चढती कमान अर्काट, विजयदुर्ग, प्लासी अशी गेली, हे मनात ठेवून त्या तटावरून फिरणे वेगळे असते.

दुपार उतरल्यावर किल्ल्याच्या पायथ्याचा डिनहॅम पूल ओलांडून व्हिटक्लिफच्या माळावर जावे. ही गावाची सामाईक जमीन. इथे गुरे चारायचा आणि दगड काढायचा हक्क लडलोकरांना होता. पिशवीतला पाव आणि चीज इथे काढावे. समोर तट, मनोरा आणि छपरांची गर्दी एका नजरेत येते. नदीच्या अंगाने जाणारी ब्रेडवॉक ही पायवाट बांधणाऱ्या मजुरांना मजुरीपोटी पाव दिला गेला, असे तिथे सांगतात. ती धरून लडफर्डच्या जुन्या पुलावरून परतावे, तटाच्या दरवाजांपैकी उरलेल्या ब्रॉड गेटखालून वर यावे आणि स्टेशन गाठावे. चाल सावकाश ठेवली तरी सगळे एका दिवसात बसते.

आणखी एक दिवस हाती असेल, तर तो श्रॉपशरच्या उत्तर टोकाला मार्केट ड्रेटनसाठी ठेवावा. रॉबर्ट क्लाइव्ह त्या गावाजवळच्या स्टाइच इथे 1725 मध्ये जन्मला. तिथल्या बाजाराची सनद 1245 ची आहे आणि वार बुधवारचा. अजूनही तो बुधवारीच भरतो.