पाण्याचं एच-फोर-ओ-टू

काल दहावीतली भाची वही घेऊन आली. "मामा, हे बॅलन्स झालंय, तरी मार्क कापले!"

सोडियम हायड्रॉक्साइड आणि सल्फ्युरिक आम्लाची अभिक्रिया होती. सोडियम जुळवायला बाईसाहेबांनी सोडियम हायड्रॉक्साइडच्या आधी 2 घातला होता, तो बरोबर. मग उजवीकडे हायड्रोजन कमी पडले, तर पाण्याचंच एच-फोर-ओ-टू करून टाकलं! मी अणू मोजले... खरंच जुळत होते.

हसू आलं, पण लगेच आठवलं, आमच्या धंद्यात आम्ही हेच करतो. टेस्ट फेल होतेय? अपेक्षित उत्तरच बदला. बिल्ड हिरवं झालं, चला घरी. पोरीची चूक नाहीच. आपण तिला गाळलेल्या जागा भरायला शिकवलं, तिने भरल्या.

माझं मत विचाराल तर आम्ल-आम्लारीचं समीकरण अणू मोजून सुरू करूच नये. आधी विचारावं, कोण काय देतंय? सल्फ्युरिक आम्लाचा एक रेणू दोन हायड्रोजन आयन देतो. सोडियम हायड्रॉक्साइडकडून एकच हायड्रॉक्साइड आयन मिळतो. म्हणजे ते दोन लागणार, आणि पाण्याचे रेणूही दोनच होणार. संपलं! सोडियम आणि सल्फेट नुसते वऱ्हाडी. लग्न लागतं ते हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइडचं. पुरावा हवाय? हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड घ्या, नाहीतर नायट्रिक आम्ल आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड. विरल द्रावणात पाण्याच्या दर मोलमागे उष्णता जवळपास तेवढीच, 57 किलोज्यूलच्या आसपास.

आणि तो 2 फक्त एका मार्कापुरता नाही. 98 ग्रॅम सल्फ्युरिक आम्ल उदासीन करायला 80 ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड लागतं. 2 विसरलात तर 40 ग्रॅमच घ्याल, आणि अर्धी आम्लता तशीच शिल्लक. कागदावर मार्क जातो, प्रयोगशाळेत हात भाजतो.

मग तिला फॉस्फरिक आम्ल दिलं. "तीन हायड्रोजन, म्हणजे तीन हायड्रॉक्साइड, तीन पाणी. एवढंच?" अणू तिने नंतर मोजले, फक्त खात्री करायला. अणू मोजायचे ते असे, शेवटी.

असो. तिचा मार्क गेला तो गेला. पण गेल्या महिन्यात मी 'दुरुस्त' केलेली एक टेस्ट आहे... उद्या ऑफिसात गेल्यावर ती पुन्हा उघडून बघायला हवी.