हिरव्या जिभेची साक्ष

जुलाब लागले की मेक्साफॉर्मची गोळी घ्यायची, हा एके काळी आपल्या मध्यमवर्गीय घरांतला रिवाजच होता. परगावी निघताना ती आठवणीने पिशवीत पडे. तिच्यातला मुख्य घटक क्लिओक्विनॉल. ह्याच औषधाने जपानमध्ये दहा हजारांहून अधिक माणसांना जायबंदी केले आणि त्यांतल्या कित्येकांची दृष्टी हिरावली, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

साठच्या दशकात तिथे एक विचित्र आजार फैलावला. आधी पोटदुखी, मग पायांना मुंग्या, बधिरपणा, चालता न येणे आणि काहींना अंधत्व. डॉक्टरांनी त्याला ‘स्मॉन’ म्हटले. १९७० च्या सुरुवातीला हा विषाणूचा संसर्ग असल्याची बातमी झळकली आणि शेजारीपाजारी रुग्णांना टाळू लागले. काहींनी तर जीव दिला. दुर्दैव असे, की पोट दुखते म्हणून जी गोळी दिली जात होती, तीच नसा जाळत होती. आणि दुखणे वाढले की डॉक्टर मात्रा वाढवत होते!

उलगडा झाला तो रुग्णांच्या हिरव्या जिभेवरून आणि हिरव्या लघवीवरून. तो रंग क्लिओक्विनॉल आणि लोह यांच्या संयुगाचा निघाला. निइगाता विद्यापीठाचे प्राध्यापक त्सुबाकी यांनी औषधाकडे बोट दाखवले. सप्टेंबर १९७० मध्ये विक्री थांबली आणि नवे रुग्ण जवळजवळ नाहीसे झाले. याहून स्वच्छ पुरावा कोणता हवा?

पण कोर्टात तो पुरेना. १९७१ मध्ये दावे सुरू झाले. कंपन्यांपैकी टानाबे विषाणूचा मुद्दा बराच काळ सोडायला तयार नव्हती. अर्जेंटिनातल्या दोन डॉक्टरांनी या औषधाच्या मज्जासंस्थेवरील परिणामांविषयी १९३५ मध्येच लिहून ठेवले होते. स्वीडनचे बालमज्जातज्ज्ञ ओले हान्सन यांनी १९६६ मध्ये एका मुलाच्या डोळ्यांच्या नसा सुकल्याचे नोंदवले होते. पुढे हेच हान्सन रुग्णांच्या बाजूने उभे राहिले. टोकियोच्या न्यायालयाने १९७८ मध्ये कंपन्यांबरोबरच सरकारलाही जबाबदार धरले. माझ्या मते निकालाचा हा दुसरा भाग अधिक मोलाचा आहे. औषध विकायला परवानगी देणारा हात झटकून मोकळा होऊ शकत नाही, हे त्यातून ठरले.

त्याहीपेक्षा मला कौतुक वाटते ते १९७९ च्या कायद्याचे. औषध नीट घेऊनही गंभीर इजा झाली, तर चूक कोणाची हे सिद्ध न करता मदत मिळावी म्हणून जपानने औषध कंपन्यांच्या वर्गणीतून निधी उभारला. आंधळ्या झालेल्या माणसाने सात-आठ वर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या, ही रीतच मुळात क्रूर होती.

आपल्याकडे काय? दुष्परिणाम नोंदवण्याची राष्ट्रीय यंत्रणा २०१० मध्ये सुरू झाली; रुग्णालाही तिथे स्वतः तक्रार नोंदवता येते. पण नोंद म्हणजे भरपाई नव्हे. २०१९ च्या ग्राहक कायद्यात सदोष उत्पादनाची जबाबदारी आली आहे, तरी दोष दाखवायचा भार रुग्णावरच.

क्षयाच्या उपचारातले इथॅम्ब्युटॉल घ्या. औषध अत्यंत गरजेचे, मनाने बंद तर मुळीच करू नये. पण क्वचित ते डोळ्याच्या नसेला इजा करते. लाल-हिरवा रंग ओळखताना गडबड होऊ लागली, नजर अंधुक झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. वेळेत कळले तर नजर बहुधा सुधारते. आणि नाही सुधारली तर? हे औषध राष्ट्रीय कार्यक्रमातून फुकट मिळते. सर्वांनाच मोफत सेवा देणारा दवाखाना ग्राहक कायद्याच्या कक्षेत येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगून ठेवले आहे. म्हणजे ज्याच्यापाशी वकिलाला द्यायला पैसे नाहीत, नेमका त्याच्यासाठीच हा स्वस्त दरवाजा बंद.