डिस्क बंद पडली? आधी प्रत, मग दुरुस्ती

‘लिनक्स आहे, त्यामुळे डेटाची काळजी नाही,’ हा समज अनेक घरांत आणि कार्यालयांत पक्का बसला आहे. लिनक्सला व्हायरसचा त्रास कमी, हे बऱ्याच अंशी खरे. पण हार्ड डिस्क हे शेवटी यंत्र आहे. त्यात मोटर आहे, गरगर फिरणारी तबकडी आहे आणि तिच्यावरून काही नॅनोमीटर अंतर राखून तरंगणारे वाचनशीर्ष, म्हणजे हेड आहे. या भागांची झीज कोणतीही प्रणाली थांबवू शकत नाही.

हा प्रश्न फक्त संगणकवेड्यांचा नाही. सोसायटीतल्या कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारे बहुतेक रेकॉर्डर आणि फोटो स्टुडिओतले नेटवर्क स्टोरेजचे डबे आतून लिनक्सवरच चालतात. केरळच्या सरकारी शाळांनी तर वर्षानुवर्षे लिनक्स वापरले आहे. अशा ठिकाणी डिस्क गेली की हिशेब, लग्नाचे फोटो, मुलांचे प्रकल्प असे सगळेच टांगणीला लागते.

घाई कुठे नडते?

डिस्क वाचेनाशी झाली की बहुतेक जण तीन गोष्टी करतात. पहिली, संगणक पुन:पुन्हा बंद-चालू करणे. हेड खराब झाले असेल, तर प्रत्येक वेळी तबकडीवर नवा ओरखडा पडू शकतो. दुसरी, ती डिस्क विंडोजच्या संगणकाला जोडणे. लिनक्सची ‘ईएक्सटी४’ ही मांडणी विंडोजला सहसा ओळखता येत नाही. मग ‘डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’ अशी सूचना येते आणि घाबरलेला माणूस ‘हो’ म्हणून मोकळा होतो.

तिसरी गोष्ट जाणकारही करतात. ती म्हणजे ‘एफएससीके’ ही दुरुस्तीची आज्ञा लगेच चालवणे. वीज अचानक गेल्याने फाइलींची मांडणी विस्कटली असेल, तर ही आज्ञा उत्तम काम करते. पण डिस्कच मरणपंथाला लागली असेल, तर ती त्याच डिस्कवर लिहायला लागते आणि उरलेलेही बिघडवू शकते. पडद्यावर ‘आय/ओ एरर’ असे संदेश वारंवार दिसत असतील, तर डिस्कमध्येच बिघाड असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी दुरुस्तीचा मोह टाळावा.

मग करायचे काय?

सूत्र एकच : आधी प्रत, मग दुरुस्ती. आजारी डिस्क ‘माउंट’ न करता तिची जशीच्या तशी प्रत तेवढ्याच किंवा मोठ्या क्षमतेच्या डिस्कवर घ्यायची. त्यासाठी ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ हे मोफत साधन आहे. ते आधी सहज वाचता येणारे भाग उचलते आणि अडलेल्या भागांकडे नंतर वळते. कुठवर काम झाले, याची नोंद एका फाइलमध्ये ठेवते. त्यामुळे मध्येच वीज गेली, तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

मात्र आज्ञा देताना आधी जुन्या डिस्कचे नाव, मग नव्या डिस्कचे, हा क्रम दोनदा तपासावा. तो उलटा झाला तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि मग रडून उपयोग नाही. डिस्कची नावे ‘एलएसबीएलके’ या आज्ञेने दिसतात.

प्रत हातात आली की ‘एफएससीके’ त्या प्रतीवर चालवावी, आणि जमल्यास त्या प्रतीचीही आणखी एक प्रत आधी ठेवावी. ‘ईएक्सटी४’ आपल्या मुख्य नोंदीच्या, म्हणजे सुपरब्लॉकच्या, जादा प्रती डिस्कवर इतरत्र ठेवते. पहिली गेली तरी दुसरीवरून काम भागते. मांडणी पूर्णच मोडली असेल, तर ‘फोटोरेक’ हे मोफत साधन फाइलींच्या आतल्या खुणांवरून फोटो आणि कागदपत्रे शोधून काढते. फक्त फाइलींची मूळ नावे परत मिळत नाहीत.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर मात्र वीज तोडावी आणि धूळमुक्त प्रयोगशाळा असलेल्या तज्ज्ञाकडेच जावे. डिस्क घरी उघडणे किंवा फ्रीजरमध्ये ठेवणे हे उपाय रोगापेक्षा भयंकर आहेत. डिस्क ‘लक्स’ने कुलूपबंद असेल आणि पासवर्ड विसरला असेल किंवा तिच्या सुरुवातीची किल्लीची नोंद गेली असेल, तर तज्ज्ञही हात टेकतात.

आधी इशारा मिळतो का?

कधी मिळतो, कधी नाही. गुगलने 2007मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली चूक आढळलेली डिस्क पुढच्या 60 दिवसांत बंद पडण्याची शक्यता इतर डिस्कच्या 39 पट होती. पण त्याच अभ्यासात बंद पडलेल्या 56 टक्क्यांहून अधिक डिस्कच्या ‘स्मार्ट’ नोंदींतल्या चार प्रमुख खुणांपैकी एकही दिसली नव्हती. म्हणजे इशारा दिसला तर त्याच दिवशी प्रत घ्यावी. दिसला नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

खरा प्रश्न खर्चाचा

लिनक्स घेताना ‘परवान्याचा खर्च वाचला’ हे आपण कौतुकाने सांगतो. त्या वाचलेल्या पैशांतून दुसरी डिस्क मात्र घेतली जात नाही. शाळा, ग्रंथालये, सहकारी संस्था यांच्या खरेदीच्या प्रस्तावात संगणकाच्या ओळीखाली बॅकअपच्या डिस्कची ओळ सक्तीची हवी. रेकॉर्डर आणि स्टोरेजचे डबे विकणाऱ्यांनीही ग्राहकाला स्पष्ट सांगायला हवे, की डब्यात दोन डिस्क असणे हा बॅकअप नव्हे. एकीवरून चुकून पुसलेली फाइल दुसरीवरूनही त्याच क्षणी पुसली जाते.

बॅकअपची डिस्क वेगळ्या जागी ठेवा आणि महिन्यातून एकदा तिच्यातली एखादी फाइल उघडून पाहा. कधीच न उघडलेल्या बॅकअपवर ऐनवेळी विसंबता येत नाही.